अडवलेली ढील

इंदुभाई अमीनांच्या गच्चीवर उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, दिवशी जावयाला मानाची काही कमतरता नव्हती. पाण्याच्या टाकीच्या सावलीत त्याच्यासाठी वेगळी खुर्ची, खुर्चीवर उशी, हातात चिक्कीची बशी, आणि घटकाघटकानं कुणीतरी विचारून जाणार, "कुमार, ऊन नाही ना लागत?" सगळं मिळायचं, फक्त पतंग कुणी हातात द्यायचं नाही. खंभातमध्ये पोर धड चालायला लागायच्या आधी पतंगाला कन्नी बांधायला शिकतं. तिथे उत्तरायणाला माणसाला खुर्चीवर बसवून ठेवायचं म्हणजे लग्नाला बोलवायचं आणि पंगतीला बसवायचं नाही, त्यातलाच प्रकार.

हा जावई म्हणजे सुधीश; 'कुमार' ही जावयाला मारायची तिकडची हाक. मूळचा केरळातला, पालक्काडकडचा. वडोदऱ्याला पंपांच्या कारखान्यात नकाशे काढायचा. इंदुभाईंची लेक जिगीषा त्याच कारखान्यात नोकरीला लागली आणि दोघांनी परस्पर लग्न करून टाकलं. त्यानंतर वर्षभर इंदुभाई लेकीशी बोलले नाहीत. थोरला भाऊ भार्गव तर तिचा फोनही उचलायचा नाही. शेवटी बानं, म्हणजे तिच्या आईनं, अन्नपाणी सोडायची धमकी दिली, तेव्हा कुठे उत्तरायणाचं बोलावणं आलं.

त्या पहिल्या वर्षी जिगीषा गच्चीवर पोचली तर सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे. माणसं आभाळात बघत असली की पाठ फिरवायला वेगळं निमित्त लागत नाही. परकरात होती तेव्हापासून पतंग उडवताना भार्गवची मांज्याची फिरकी तिनंच धरली होती. आता ती तोरलभाभीच्या, त्याच्या बायकोच्या हातात होती. जिगीषा कठड्याला टेकून उभी राहिली. हातांचं काय करावं तेही तिला कळेना. तेवढ्यात सुधीशनं खाली पडलेला एक पतंग उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि आपल्या मोडक्यातोडक्या गुजरातीत अगदी मनापासून विचारलं, "याला शेपूट कुठंय?"

त्याच्या गावाकडची पोरं वर्तमानपत्राचे पतंग करतात, त्यांना हातभर शेपूट लावतात. पेचाच्या पतंगाला शेपूट नसतं हे बिचाऱ्याला काय ठाऊक! हसावं की हसू नये, कुणाला ठरवता येईना. काही झालं तरी जावई होता. तेव्हा जिगीषानंच ते वाक्य उचललं. त्याच्या मानेच्या हेलकाव्यासकट, शब्द तोंडात घोळवून बाहेर काढायच्या त्याच्या लकबीसकट तिनं ते म्हणून दाखवलं, आणि गच्ची हशानं फुटली. इंदुभाई हसता हसता खोकायला लागले. भार्गवनं डोळे पुसले आणि वर्षभरात पहिल्यांदा तिला हाक मारली, "जिगु, इकडे ये गं. धर फिरकी."

असं तिला तिचं माहेर परत मिळालं.

तेव्हापासून उत्तरायणाचं जेवण झालं की फर्माईश ठरलेली. "जिगु, शेपूट करून दाखव ना!" की जिगीषा ओढणी कमरेला खोचून उभी. दर वर्षी त्या नाटकात एखादा नवा प्रवेश यायचा. सुधीश उंधियूच्या भाजीत खोबरं कसं शोधतो, हो म्हणतोय की नाही ते कळू नये अशी मान कशी हलवतो, शेजारच्या काकींना नमस्कार करताना तीन पावलं मागे कसा सरकतो. पोरं कागदाची लांबलचक शेपटी करून त्याच्या खुर्चीला बांधायची. सगळ्यांत मोठ्यानं सुधीशच हसायचा. "किती मोकळ्या मनाचा आहे बघा," बा म्हणायची, आणि जिगीषाही स्वतःची समजूत तशीच घालायची. परतीच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत गप्प बसायचा. ती विचारायची, "दमलास?" तो म्हणायचा, "हो, ऊन होतं." दिवसभर सावलीत बसलेल्या माणसाला ऊन कुठून लागलं, हे तिनं कधी विचारलं नाही.

यंदा मात्र सुधीश जिना चढून आला तो बगलेत फिरकी मारून.

"अरे वा, जमाईराज!" तोरलभाभी म्हणाली. "ही कुणासाठी आणलीत?"

"माझ्यासाठी."

भार्गव आभाळातून नजर न काढता हसला. "बोट कापेल हां, कुमार. मग बा मला जेवायला वाढायची नाही."

सुधीशनं उजव्या हाताचं बोट वर करून दाखवलं. मुरलेल्या पतंगबाजासारखी त्यावर पट्टी आवळून बांधलेली होती. जिगीषाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दिवाळीपासून त्याच्या बोटावर बारीक चिरा दिसत होत्या आणि तो म्हणायचा, "खोबरं खवताना लागलं." घरात खोबरं तोच खवायचा, म्हणून तिनं विश्वास ठेवला होता.

"कुठे शिकलास?" तिनं विचारलं.

"कारखान्याच्या मागच्या मैदानात. जेवणाच्या सुट्टीत. दोघंतिघं उडवतात तिथं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू इथं करून दाखवलं असतंस," तो म्हणाला, आणि हसला. सगळे हसले. जिगीषाही हसली, पण जरा उशिरा.

त्यानं कन्नी बांधली. इंदुभाईंनी पतंग हातात घेऊन अंगठ्यानं गाठ दाबून पाहिली आणि काही न बोलता परत दिला. इंदुभाई काही बोलले नाहीत याचा अर्थ गाठ चांगली होती. दुसऱ्या झटक्यात पतंग उठला. सुधीश मागे न बघता म्हणाला, "जिगु, धरशील?" आणि जिगीषानं नवऱ्याची फिरकी हातात घेतली. दोन्ही बाजूंच्या दांड्या तिच्या मुठींत सैल फिरायला लागल्या. खाडीकडून वारा बरा होता. पतंग वर गेला, स्थिर झाला. समोरच्या गच्चीवरच्या कुणाचा तरी हिरवा पतंग अंगावर आला तो सुधीशनं बघता बघता कापला. "काप्यो," तो म्हणाला, पण इतक्या हळू, की जणू परवानगी मागत होता.

भार्गवनं पहिल्यांदा मागे वळून पाहिलं.

समोरच्या गच्चीनं ते टिपलं. खंभातची माणसं दुसऱ्याच्या घरातला पेच आधी बघतात. "भार्गवभाई, सांभाळा!" तिकडून कुणीतरी ओरडलं. "आज जमाई कापणार तुम्हाला!" शिट्ट्या झाल्या, कर्णे वाजले. भार्गवची त्या पट्ट्यात ख्याती होती. जेवणाआधी त्याचा पतंग कापला गेला असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. तो हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्याचं जिगीषाला दिसलं.

"चला कुमार," तो म्हणाला, "घरातल्या घरात होऊन जाऊ दे."

दोन्ही पतंग एकमेकांवर आले. दोरा दोऱ्याला लागला. सुधीशनं ढील द्यायला सुरुवात केली आणि फिरकी जिगीषाच्या हातात घरघरायला लागली. तो घाई करत नव्हता, ओढत नव्हता, नुसता दोरा सोडत होता, आणि त्याचा पतंग वाऱ्याबरोबर लांब लांब जात होता. तिकडे तोरलच्या हातातली फिरकीही फिरत होती, पण भार्गवचा पिवळा पतंग एका अंगावर कलला. जिगीषाला तो कल ओळखीचा होता. लहानपणापासून तिनं तो शेकडो पतंगांत पाहिला होता. आता चार श्वासांत भाई जाणार.

तिनं भावाकडे पाहिलं. त्याचा जबडा आवळलेला होता. आणि तिचे हात मिटले.

फिरकी थांबली. दोरा ताडकन ताणला गेला, सुधीशचा हात पुढे ओढला गेला आणि त्याचा पतंग कटून आभाळात सुटला. डुलत, गिरक्या घेत तो मशिदीच्या पलीकडे निघून गेला.

"काप्योऽऽ!" गच्ची उसळली. भार्गवनं दोन्ही हात वर केले. पोरं खुर्चीची शेपटी सोडून सुधीशच्या पाठीला बांधायला धावली. "कुमार, ढील द्यायची असते हो ढील!" भार्गव मोठ्या मनानं समजावायला लागला. "मध्येच धरून ठेवलीत की संपलं. हे काय पुस्तकात वाचून येत नाही."

सुधीशनं हातातल्या तुटक्या दोऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो. माझंच चुकलं."

हात आपोआप मिटले, जिगीषा स्वतःला सांगत राहिली. जन्मभराची सवय, भावाचा पतंग जायला लागला की हात मिटणारच. पण ते अर्धंच खरं होतं आणि उरलेलं अर्धं तिला पक्कं ठाऊक होतं. सुधीशनं भार्गवचा पतंग कापला असता तर जेवणानंतर तिनं काय करून दाखवलं असतं? ज्याचा पतंग आभाळात आहे, त्याच्या शेपटाला कोण हसणार? गेली सहा-सात वर्षं या गच्चीवर तिला जी जागा होती, ती त्या एका नकलेची होती.

जेवायला उंधियू होतं, जिलेबी होती, बानं मुद्दाम सुधीशसाठी वर खोबरं भुरभुरलं होतं. जिगीषाच्या तोंडात घास फिरत होता. चोराच्या मनात चांदणं, तिला वाटत होतं सगळे आपल्या हातांकडेच बघताहेत. कुणीही बघत नव्हतं. ताटं उचलली गेली आणि तोरलभाभी टाळी वाजवून म्हणाली, "चला जिगुबेन! यंदा नवा प्रवेश! जमाईराजांचा पेच!"

"आज नको," जिगीषा म्हणाली.

"नको काय? मग उत्तरायण कसलं? भाव नको खाऊस. ऊठ!"

आणि ती उठली. हे पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःचं स्वतःला सांगवेना, पण ती उठली. नाही म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं का, आणि त्या 'का'ला ती भ्यायली. तिनं बोटाला खोटी पट्टी बांधली, मान डोलवली, ढील सोडायचा आव आणला आणि मग एकदम धडपडून दोन पावलं पुढे गेली, जसा तो गेला होता. लोक हसून हसून लोळले. इंदुभाईंनी डोळ्यांना धोतराचं टोक लावलं. सुधीश टाळ्या वाजवत होता. टाळ्या वाजवताना त्याच्या पट्टीतून रक्त बाहेर आलं होतं, आणि गच्चीवर ते फक्त तिला दिसलं.

थोड्या वेळानं ती खाली आली तर तो जिन्याच्या वळणावर बसून दातांनी पट्टी सोडवत होता. दोरा अचानक अडला की आधी बोट कापतं. तिनं हळद आणि फडकं आणलं, त्याच्यासमोर खालच्या पायरीवर बसली. जखम खोल होती.

"सुधीश, सकाळी..."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"अगं, दोरा माझ्या बोटावर होता. फिरकी अडली की उडवणाऱ्याला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

तिचे हात थांबले. "मग बोलला का नाहीस? सगळ्यांसमोर चूक स्वतःवर का घेतलीस?"

"पहिल्या वर्षीचं आठवतं का तुला? तू कठड्याजवळ एकटी उभी होतीस. तुझा भाऊ बघत नव्हता, पप्पा बघत नव्हते. मी काहीतरी येड्यासारखं विचारलं, तू त्याची नक्कल केलीस, आणि त्यांनी तुला जवळ घेतलं. मला वाटलं, एवढ्यावर भागतंय ना, मग भागू दे. मला काय, दोन दिवस हसून घ्यायचं."

"आणि पतंग? तो का शिकलास मग?"

"वाटलं, यंदा पुरे झालं असेल," तो म्हणाला. "वाटलं, आता तुझं पक्कं झालं असेल इथं. आता मीही आलो तर चालेल."

त्याच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं, रडता येतं, पाय धरता येतात. तो नुसता खरं सांगत होता. आपण याला इथे घेऊन येतो, सगळ्यांत मिसळावं म्हणून बसमध्ये चार गोष्टी समजावतो, आणि इतकी वर्षं गच्चीच्या दाराशी त्याला अडवून आपणच उभ्या होतो, हे जिगीषाला त्या पायरीवर कळलं. तिनं फडक्याची गाठ मारली आणि ती वर गेली.

भार्गव नवा पतंग चढवायच्या तयारीत होता. तिला बघून म्हणाला, "आलीस? ये, धर. तोरलचे हात दुखले म्हणे."

"भाई, सकाळचा पेच तू जिंकला नाहीस."

"काय?"

"मी फिरकी धरली. तू कटत होतास. मी मूठ मिटली."

हशा पिकला! "वा जिगु! नवऱ्याचा वकील!" कुणीतरी म्हणालं. तोरलभाभीनं तोंडावर हात घेतला. "काय चेहरा केलाय बघा! यंदा नाटक रंगवलंय हं!" इतकी वर्षं जिनं फक्त हसवलं, तिचं रडकं तोंडही त्यांना नक्कलच वाटली. 'लांडगा आला रे आला' म्हणतात तसं तिचं झालं. आता नुसतं खरं सांगून भागणार नव्हतं, आधी ते त्यांना खरं वाटायला हवं होतं.

"बा शपथ!" ती ओरडली. आवाज फाटला. "सुधीशची चूक नव्हती. त्याचं बोट कापलंय ते माझ्यामुळे. मी मूठ मिटली, आणि मग तुमच्यासमोर उभं राहून त्याचीच नक्कल केली."

आता कुणी हसलं नाही. कन्न्या बांधत बसलेल्या इंदुभाईंनी मान वर केली. "पेचात फिरकी अडवलीस? या गच्चीवर?"

"हो पप्पा."

"माझ्यासाठी?" भार्गवचा चेहरा उतरला होता. "मी सांगितलं होतं तुला?"

"तुझ्यासाठी नाही रे. माझ्यासाठी. त्याला उडवता आलं असतं तर मी काय करून दाखवलं असतं तुम्हाला?"

समोरच्या गच्चीवरून अजून जिंकल्याबद्दल कुणीतरी भार्गवला हात हलवत होतं. त्यानं आपल्या हातातला पतंग फरशीवर ठेवला. तोरलभाभी उगाच चिक्कीचे तुकडे बशीत नीट लावायला लागली. जिगीषा गच्चीच्या मधोमध उभी होती आणि तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. तिनं काही समजावलं नाही, माफीही मागितली नाही. सुधीशनं जी गोष्ट इतकी वर्षं सोसली, ती आपण पाच मिनिटं तरी सोसावी, एवढंच तिच्या मनात होतं.

सुधीश दारात येऊन उभा होता. किती ऐकलं होतं त्यानं, देव जाणे. भार्गवनं त्याला पाहिलं आणि घसा खाकरला.

"कुमार, बोट चालेल?"

"चालेल. दुसऱ्या बोटाला पट्टी लावतो."

"मग या. पेच परत. सकाळचा धरायचा नाही." भार्गवनं वळून बायकोला हाक मारली. "तोरल, तू कुमारांची फिरकी धर. माझी पप्पा धरतील."

तोरलभाभी पुढे आली. सुधीशनं फिरकी छातीशी धरून ठेवली. "नको," तो म्हणाला. "जिगूच धरेल."

"अहो, पण हिनंच तर..."

"माहीत आहे. जिगूच धरेल."

त्यानं फिरकी तिच्या हातात दिली आणि तो कठड्याकडे चालू लागला. जिगीषाला 'नको' म्हणायचं होतं, 'मला देऊ नकोस' म्हणायचं होतं, पण तिनं फिरकी धरली. पतंग वर गेला. भार्गवचाही गेला. पेच लागला आणि बराच वेळ चालला. फिरकी तिच्या मुठींत फिरत राहिली, ती फिरू देत राहिली. एकदा तरी तो मागे वळून आपल्या हातांकडे बघेल म्हणून ती वाट बघत होती. त्यानं बघावं, संशय घ्यावा, तेवढं तरी आपल्या वाट्याला यावं, असं तिला वाटत होतं. सुधीश बघत होता फक्त आभाळात.

शेवटी कटला तो सुधीशचाच. भार्गव तो भार्गव. पण या वेळी भार्गवनं हात वर केले नाहीत. त्यानं सुधीशच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "अरे गाढवा, वारा फिरला तेव्हा खेचायचास ना! आता ढील देऊन काय आभाळ मोजत होतास?" सुधीश त्याला काहीतरी उलट बोलला, आणि दोघं हातवारे करत वाद घालायला लागले, कुणाचा दोरा कुणाच्या वर होता म्हणून. इंदुभाईही उठून त्यात पडले.

तुटलेला दोरा लांबवर शेजारच्या छपरांवरून लोंबत होता. तो कुणी ओढून नेण्याआधी गुंडाळायला हवा होता, आणि ते काम फिरकीवाल्याचं. जिगीषा भराभर फिरकी फिरवत राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून तिनं ते तसंच गळू दिलं.